एबीए थेरपिस्ट व्हायचंय? मग फी भरण्याआधी हे वाचा

बारामती / इंदापूर : माझी धाकटी बहीण इंदापूर तालुक्यात दिलेली आहे. तिचा मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न. म्हणजे ज्याला आपण ऑटिझम म्हणतो ते. आठवड्यातून दोन दिवस ती पहाटेच्या एसटीने लेकराला घेऊन पुण्याला जाते. जाऊन-येऊन अडीचशेच्या वर किलोमीटर. तिथं थेरपी किती वेळ? पाऊण तास. त्या पाऊण तासासाठी अख्खा दिवस जातो, दाजींचा रानातला खाडा होतो आणि पोरगं एसटीच्या गर्दीनं इतकं बिथरतं की थेरपीचा निम्मा वेळ त्याला शांत करण्यातच संपतो.

हे सगळं आमची पुतणी बघत होती. बारावी झालेली, हुशार. ती मला म्हणाली, "काका, मीच हे शिकले तर? आपल्या भागात कुणीतरी पाहिजेच ना." विचार चांगला होता. पण झालं काय, तिनं मोबाईलवर एक जाहिरात बघितली. 'घरबसल्या एबीए थेरपिस्ट बना, परदेशात मान्य सर्टिफिकेट.' भावानं दुधाच्या पगारातून पैसे भरले. काही आठवडे व्हिडिओ बघितले, शेवटी परीक्षा झाली आणि एक रंगीत सर्टिफिकेट आलं. ते घेऊन ती पुण्यातल्या एका केंद्रात कामाला गेली. तिथल्या बाईंनी कागद बघितला आणि एकच विचारलं, "बाळ, तुझा आरसीआय नंबर काय?"

तिला तो शब्दच पहिल्यांदा कळला. आम्हालाही.

त्या दिवसापासून मी या विषयाची माहिती गोळा करतोय. आपल्या दोन्ही तालुक्यांत बारावी झालेली, बी.ए. झालेली कितीतरी पोरं-पोरी आहेत ज्यांना हे काम करायचंय. त्यांचे पैसे आणि वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून हा लेख.

एबीए म्हणजे नेमकं काय?

एबीए म्हणजे अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस. मराठीत उपयोजित वर्तन विश्लेषण म्हणतात. नाव अवघड आहे, पण गोष्ट रोजच्या जगण्यातली आहे.

एक उदाहरण घ्या. आई लेकराला घेऊन बाजारात गेली. दुकानासमोर पोरगं ओरडायला लागलं. लोक बघायला लागले, आईला लाज वाटली, तिनं कुरकुऱ्याचा पुडा घेऊन दिला. पोरगं गप्प. पुढच्या बाजारात काय होणार? पोरगं आणखी जोरात ओरडणार, कारण ओरडलं की पुडा मिळतो हे ते शिकलं. आणि आईपण शिकली, की पुडा दिला की पोरगं गप्प बसतं. दोघंही एकमेकांना शिकवतायत आणि दोघांनाही ते माहीत नाही.

एबीएचा माणूस इथं तीन गोष्टी बघतो. वागण्याच्या आधी काय घडलं, प्रत्यक्ष वागणं काय होतं आणि त्यानंतर काय मिळालं. या तीन गोष्टी तो दिवसेंदिवस लिहून काढतो. मग त्यातून कारण शोधतो. कारणं साधारण चार प्रकारची असतात. कुणाचं लक्ष हवं असतं, एखादी वस्तू हवी असते, एखाद्या नको असलेल्या कामातून सुटका हवी असते, किंवा ती हालचाल केल्यानं शरीराला बरं वाटतं म्हणून.

कारण कळल्याशिवाय उपाय चुकतो. समजा वर्गात गणित सुरू झालं की मुलगा पाटी फेकतो. गुरुजी त्याला बाहेर उभं करतात. गुरुजींना वाटतं शिक्षा केली. पण त्याला गणितातून सुटकाच हवी होती, ती मिळाली! उद्या तो परत पाटी फेकणार. इथं शहाणपणाचा उपाय असा, की त्याला 'थोडं थांबू या' हे सांगायला शिकवायचं. बोलता येत नसेल तर चित्राचं कार्ड द्यायला शिकवायचं. आणि गणित त्याला झेपेल एवढे छोटे तुकडे करून द्यायचं.

दुसरं मोठं काम म्हणजे नवीन गोष्टी शिकवणं. हात धुणं आपल्याला एक काम वाटतं. त्याचे तुकडे करा. नळ सोडणं, हात ओले करणं, साबण घेणं, चोळणं, धुणं, नळ बंद करणं, पुसणं. एकेक पायरी हाताला धरून शिकवायची, जमली की शाबासकी द्यायची आणि हळूहळू आपला आधार काढून घ्यायचा.

आणि सगळं मोजायचं. आपण डेअरीला दूध घालतो तेव्हा लिटर आणि फॅट दोन्ही चिठ्ठीवर येतं. 'आज दूध बरं होतं' असं म्हणून कुणी पगार काढत नाही. तसंच इथं 'पोरगं सुधारतंय' हे तोंडी चालत नाही. गेल्या आठवड्यात दिवसाला बारा वेळा डोकं आपटत होतं, या आठवड्यात सात वेळा, अशी वही लागते. वहीत फरक दिसत नसेल तर पद्धत बदलायची, लेकराला दोष द्यायचा नाही.

ही विद्या आली कुठून, आणि तिच्यावर टीका का होते?

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनावर ही विद्या उभी आहे. १९६८ साली या विषयाचं स्वतंत्र नियतकालिक अमेरिकेत सुरू झालं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ईवार लोवास यांनी एक अभ्यास छापला. १९ लहान स्वमग्न मुलांना आठवड्याला ४० तास अशी दाट थेरपी दिली, त्यातली ९ मुलं नेहमीच्या शाळेत टिकली. तिथून जगभर नाव झालं.

पण त्या अभ्यासावर पुढं बरेच आक्षेप निघाले. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. शिवाय त्या जुन्या काळात ओरडणं, चापट मारणं, एवढंच नाही तर विजेचा झटका देणं असले प्रकारही वापरले गेले. आज मोठी झालेली कितीतरी स्वमग्न माणसं स्वतः सांगतात, की आम्हाला जबरदस्तीनं डोळ्यात बघायला लावलं, हात हलवणं बंद करायला लावलं, त्याचा त्रासच झाला. ही टीका खरी आहे आणि हे काम करणाऱ्यानं ती ऐकून घेतलीच पाहिजे. हात हलवल्यानं कुणाचं काही बिघडत नसेल, तर हलवू द्यावा. आपल्याला पोरगं चारचौघांसारखं दिसावं म्हणून थेरपी करायची नसते. त्याला स्वतःची गरज सांगता यावी, जेवता-नेसता यावं, त्याला इजा होऊ नये म्हणून करायची असते.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. ऑटिझम हा ताप-खोकल्यासारखा आजार नाही. 'सहा महिन्यांत मुलगा बरा करून देतो' असं जो म्हणेल, तो एबीएवाला असो, औषधवाला असो की बाबा-बुवा, त्याच्या दारातून उठून यायचं.

परदेशातली पदवी : बीसीबीएचं खरं काय?

इंटरनेटवर शोधलं की 'बीसीबीए' हा शब्द हमखास येतो. हे अमेरिकेतलं व्यावसायिक प्रमाणपत्र. तिथल्या एका मंडळाकडून ते दिलं जातं. त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, ठरावीक विषय शिकावे लागतात, जाणकाराच्या देखरेखीखाली साधारण २,००० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं आणि मग परीक्षा. तिथं या लोकांना चांगली मागणी आहे, कारण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी विमा कंपन्या या थेरपीचा खर्च देतात.

जाहिरातवाले एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. जानेवारी २०२३ पासून त्या मंडळानं आपलं दार मोजक्या देशांतल्या लोकांपुरतंच उघडं ठेवलंय. भारत त्यात नाही. म्हणजे बारामतीत किंवा पुण्यात राहून, इथंच काम करून, नव्यानं बीसीबीए होण्याचा रस्ता बंद आहे. त्याआधी झालेले काही जाणकार भारतात आहेत, त्यांच्या हाताखाली शिकणं हे सोनंच आहे. पण आज कुणी 'आमचा कोर्स करा आणि इथं बसून बीसीबीए व्हा' म्हणत असेल, तर सरळ खोटं समजा.

क्यूएबीए आणि आयबीएओ अशा आणखी दोन परदेशी संस्था आहेत. त्यांची प्रमाणपत्रं भारतातून घेता येतात आणि मोठ्या शहरांतल्या खासगी केंद्रांत त्यांना किंमत आहे. पण तो जास्तीचा कागद झाला. भारत सरकारच्या लेखी तो परवाना नाही.

ज्याला खरंच अमेरिकेत जाऊन एम.ए. किंवा एम.एस. करायचंय, त्यानं जरूर करावं. पण खर्च लाखात नाही, दहा-दहा लाखांच्या पटीत जातो. जमीन गहाण टाकण्याआधी तीन गोष्टी तपासा. त्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम तिथल्या मंडळाच्या अटीत बसतो का, शिकताना देखरेखीचे तास मिळतात का आणि परत आल्यावर इथं काय करणार. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, तेव्हा विद्यापीठ निवडतानाच ते बघा.

मग आपल्या पोरांनी कुठून सुरुवात करायची?

आता पुतणीला विचारलेल्या त्या प्रश्नाकडे येऊ. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. १९९२ च्या कायद्यानं ती झाली. दिव्यांगांसोबत व्यावसायिक काम करणारे विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ, क्लिनिकल आणि पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ अशा १६ प्रकारच्या लोकांची नोंद ही परिषद ठेवते. नोंद झाली की नंबर मिळतो, तोच आरसीआय नंबर. त्याचं ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. नोंदणीशिवाय अशी प्रॅक्टिस करणं कायद्यानं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

या १६ प्रकारांत 'बिहेवियर अ‍ॅनालिस्ट' असा वेगळा प्रकार नाही. हीच या लेखातली मुख्य गोष्ट आहे. आपल्याकडं एबीए हे हातातलं कसब आहे, परवाना नाही. परवाना दुसऱ्या कोर्सनं मिळवायचा आणि कसब त्यावर चढवायचं. आधी पाया, मग मजला.

पाया घालायचे रस्ते असे :

बारावीनंतर : डी.एड. विशेष शिक्षण. दोन वर्षांची पदविका. बारावीला किमान ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत असते. कुठलीही शाखा चालते. प्रवेशासाठी देशपातळीवर ऑनलाइन कल चाचणी होते. 'बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगता' हा विभाग निवडला की ऑटिझमचा अभ्यास त्यात येतो. कमी खर्चात आणि लवकर नंबर मिळवून देणारा हा रस्ता आहे.

पदवीनंतर : बी.एड. विशेष शिक्षण आणि पुढं एम.एड. विशेष शिक्षण. नवीन शैक्षणिक धोरणामुळं शिक्षक प्रशिक्षणाचे नियम सध्या बदलतायत, चार वर्षांचे एकत्रित अभ्यासक्रम येतायत. त्यामुळं मागच्या वर्षी कुणी काय केलं यावर जाऊ नका. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची मान्यता आरसीआयच्या संकेतस्थळावर बघा.

मानसशास्त्राच्या वाटेनं : बी.ए., एम.ए. मानसशास्त्र केलं म्हणजे आरसीआय नंबर मिळतो, हा मोठा गैरसमज आहे. मिळत नाही. त्यापुढं पुनर्वसन मानसशास्त्राचा किंवा क्लिनिकल मानसशास्त्राचा आरसीआय मान्य अभ्यासक्रम करावा लागतो. तिथं जागा कमी आणि स्पर्धा भारी. पण ज्याला पदव्युत्तर शिक्षण घेऊन वर्तनाचाच सखोल अभ्यास करायचाय, त्याच्यासाठी भारतातला सगळ्यात जवळचा रस्ता हाच.

विज्ञान शाखेवाल्यांना : वाचा व श्रवण तज्ज्ञाची पदवी किंवा ऑक्युपेशनल थेरपीची पदवी. दोन्हीला आपल्या राज्यात नीट द्यावी लागते. एमबीबीएसला नंबर नाही लागला म्हणून खचलेल्या पोरांनी इकडं जरूर बघावं.

शिकायचं कुठं? पुण्यात कामायनी ही जुनी संस्था विशेष मुलांची शाळा आणि शिक्षक प्रशिक्षण दोन्ही चालवते. भारती विद्यापीठात वाचा-श्रवण तज्ज्ञाचा अभ्यासक्रम आहे. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग आहे, तो मुलींसाठी चांगला. नवी मुंबईत खारघरला केंद्र सरकारच्या बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वांद्र्याला अलियावर जंग वाक्-श्रवण संस्था आहे. फक्त ऑटिझमवर काम करणारी संस्था बघायची तर पुण्यातलं प्रसन्न ऑटिझम सेंटर आणि दिल्लीचं अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम ही नावं जाणकार घेतात.

पाया झाला की मग एबीएचं प्रशिक्षण घ्या. तिथं एकच प्रश्न विचारा, "प्रत्यक्ष मुलासोबत किती तास काम मिळेल आणि माझं काम कोण बघेल?" नुसते व्हिडिओ बघून हे येत नाही. पुस्तक वाचून द्राक्षाची छाटणी करता येईल का? शेजारी उभं राहून कुणीतरी 'हा डोळा ठेव, हा काढ' सांगावं लागतं. हे तसंच आहे.

काम मिळेल का?

हा प्रश्न बापलोक आधी विचारतात आणि विचारलाच पाहिजे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगांचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यात ऑटिझम आला, अध्ययन अक्षमता आली. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. हक्क आला की शिकवणारा लागतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्राथमिकला अशा १० मुलांमागं आणि पुढच्या वर्गांना १५ मुलांमागं एक विशेष शिक्षक हवा. त्यानंतर २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं केंद्र पातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. म्हणजे केंद्रप्रमुखाच्या हद्दीत एक.

याशिवाय विशेष शाळा, जिल्हा रुग्णालयांतली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, खासगी बालविकास केंद्रं इथंही जागा निघतात. सुरुवातीचा पगार फार मोठा नसतो, हे खरं सांगतो. कंत्राटी नोकरीत वर्षानुवर्षं अडकलेले विशेष शिक्षकही मी पाहिलेत. पण आरसीआय नंबर असलेला माणूस बारामती, भिगवण, इंदापूर, वालचंदनगर या पट्ट्यात बसला, तर त्याला कामाची वाण पडणार नाही. आज ही सगळी लेकरं पुण्याच्या एसटीत बसलेली आहेत.

पालकांसाठी चार ओळी

लेख पोरांच्या शिक्षणाचा असला तरी हे सांगायलाच पाहिजे. दीड-दोन वर्षांचं लेकरू हाक मारल्यावर बघत नसेल, बोट दाखवून मागत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर 'मामा पण उशिरा बोलला होता' म्हणून थांबू नका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा आरोग्य पथकाची तपासणी असते, त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा. बारामतीला किंवा इंदापूरला उपजिल्हा रुग्णालयात दाखवा, तिथून पुढं औंधच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात. निदान झालं की यूडीआयडी कार्ड काढा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही येतो. आणि थेरपिस्ट कुणीही असो, नोंदणी नंबर विचारा. त्यात लाजायचं काही नाही. ड्रायव्हरला लायसन विचारतोच की आपण.

पैसे भरण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. हा कोर्स आरसीआय मान्य आहे का? मान्यता क्रमांक आणि वर्ष द्या.
२. कोर्स झाल्यावर माझी नोंद कुठल्या प्रकारात होईल?
३. मुलांसोबत प्रत्यक्ष कामाचे तास किती, कुठं आणि कुणाच्या देखरेखीखाली?
४. शिकवणाऱ्यांचा स्वतःचा नोंदणी नंबर काय?
५. मध्येच सोडलं तर फी परत मिळते का? लेखी द्या.

यातल्या पहिल्या प्रश्नाला 'आमचा कोर्स आंतरराष्ट्रीय आहे, त्याला आरसीआयची गरज नाही' असं उत्तर आलं, तर फोन ठेवून द्या.

पुतणीचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. वर्षभर ती घरी रडत बसली नाही. कल चाचणी दिली, नंबर लागला, आता डी.एड. विशेष शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीला आली की आधी आत्याच्या घरी जाते. दिवाळीत गेली तेव्हा भाच्यासाठी जाड पुठ्ठ्याची चार कार्डं करून नेली होती. पाणी, भाकरी, शी, बाहेर. चार दिवस तिनं तेवढंच केलं, वहीत खुणा करत बसली. पाचव्या दिवशी पोरानं पाण्याचं कार्ड उचललं आणि आईच्या हातात नेऊन दिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं न रडता पाणी मागितलं होतं. बहिणीनं मला फोन केला, पण बराच वेळ तिला बोलताच येईना.

आपल्या गावात असं लेकरू असेल. आणि त्याच गावात बारावी झालेली, 'आता पुढं काय' म्हणून बसलेली एखादी पोरगीपण असेल. हा लेख त्या दोन्ही घरांपर्यंत पोचवा.